धोंड्याच्या महिन्यातला नमुना

"डॉक्टरसाहेब, जरा सरका," एनिमाचा डबा घेऊन येणारी सिस्टर म्हणाली, आणि मी सरकलो. सहज विचारलं, "कुणाला?" ती म्हणाली, "तुमच्याच सासऱ्यांना की. आल्यापासून एकदाही झालेली नाही त्यांना. पोट बघा, नगारा झालाय नुसता." एवढं बोलून तिने आयसीयूचं दार कमरेनं ढकललं आणि ती आत गेली. मी व्हरांड्यात उभा. पाठीला कूलरचा दमट वारा, समोर जळगावचं वैशाखातलं ऊन, आणि डोक्यात तेवढं एकच वाक्य. आल्यापासून एकदाही झालेली नाही. अहो, असं कसं? मग परवा थर्मासात बर्फ घालून, एस.टी.त मांडीवर धरून, एरंडोल-पारोळ्याचे सगळे खड्डे स्वतःच्या कण्यावर झेलत मी जे धुळ्याला नेलं ते काय होतं? आणि ज्याच्या जोरावर मी काल फोनवरून आणि आज समोर बसून रतिलाल डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं की औषध बदलू नका, ते होतं तरी कुणाचं? सिस्टरची ड्यूटी बदलत असते, हिला माहीत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण नानांचं पोट सकाळी मीही पाहिलं होतं. पाहून दुसरीकडे बघितलं होतं, एवढंच.

माझा धंदा सांगितल्याशिवाय यातली भानगड कळायची नाही. मी देवचंद, धुळ्याला जंतुशास्त्रात एम.डी. करतो. लग्न ठरताना नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं होतं, "डॉक्टर कशाचे?" मी सांगितलं. "म्हणजे पेशंट कुठले बघता?" मी म्हटलं, "पेशंट नाही बघत नाना, पेशंटचं बघतो." नाना चोपड्याकडचे केळीवाले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "चालेल. खत कोणीतरी बघायलाच पाहिजे." तेव्हा सगळे हसले होते आणि मी चिडलो होतो. मी चिडतो लवकर. माझ्या प्रबंधाचा विषयच असा की चिडल्याशिवाय तो पुरा होणार नाही. अत्यवस्थ रुग्णाच्या आतड्यात कुठले जिवाणू राहतात हे बघायचं, तर नमुना घ्यायचा कसा? एक रस्ता सोपा. काडीला गुंडाळलेला कापूस गुदद्वारातून आत फिरवायचा, बाटलीत टाकायचा, मोकळं व्हायचं. याला आम्ही स्वॅब म्हणतो. दुसरा रस्ता, रुग्णाला शौचाला होण्याची वाट बघायची आणि ती डबीत घ्यायची. आता आयसीयूतला माणूस नाकातल्या नळीवर, गुंगीत पडलेला. त्याला चार-चार, आठ-आठ दिवस होत नाही. मी आपला ताटकळत बसतो. माझे मित्र हृदयाच्या ठोक्यांची वाट बघतात, मी याची. आमचे बडगुजर सर पहिल्या दिवसापासून सांगत होते, "अरे देवचंद, कापूस फिरव आणि घरी जा. जे आजारी आहेत त्यांना आधीच ताप, त्यात तुझा कशाला?" पण मला ते आळशाचं शास्त्र वाटायचं. कापसाला लागतं ते काठावरचं, चामडीवरचं, चादरीवरचं. आतली खरी वस्ती बघायची तर अख्खी शौच पाहिजे. या मतासाठी मी सरांशी भांडलो, वॉर्डबॉयशी भांडलो, बायकोशी तर जेवताना भांडलो. तिने माझं ताट उचलून न्हाणीघराच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "तिथंच बसा, म्हणजे विषय सोडायला नको." तरी मी मत सोडलं नाही.

आणि मग नाना पडले. साधा खोकला म्हणून अंगावर काढला, तो दोन्ही फुफ्फुसांत गेला. जळगावला रतिलाल डॉक्टरांकडे आणलं तेव्हा त्यांना माणूस ओळखू येत नव्हता. आधी ताप उतरला, नंतर पुन्हा फणफणून चढला, आणि रतिलाल डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही घरचेच आहात आणि जंतूंचे आहात. मला सांगा, आता कुठला जंतू आहे हा? आतड्यातला रक्तात उतरला असेल का?" मी हुरळलोच. असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. स्वॅब मी स्वतः घेतला. त्या आधी नानांना मी फक्त पाया पडताना हात लावला होता. मी छताकडे बघत, मनातल्या मनात "माफ करा नाना" म्हणत, कापूस फिरवला. शौचेची डबी मात्र सासूबाईंकडे दिली, कारण नानांना पुसायला सकाळी त्यांनाच आत सोडत. "झाली की यात घ्या," म्हटलं. दुसऱ्या दिवशी डबी मिळाली. दोन्ही धुळ्याला नेलं, काचेच्या बशांमध्ये लावलं, आणि दोघांनी दोन तोंडांनी साक्ष दिली. स्वॅबवर एकच जंतू, चिकट, माजलेला, नानांना चालू असलेल्या इंजेक्शनला न जुमानणारा. शौचेवर मात्र काय सांगू! कधी नव्हे ती सगळी चांगली मंडळी, गुलाबी, पांढरी, टाचणीच्या टोकाएवढी, कुणी कुणाच्या अंगावर पाय देत नाही, जो तो आपल्या जागी. मी तीन वर्षं लोकांची आतडी बघतोय, इतकं निरोगी, इतकं सुखी आतडं मी बघितलं नव्हतं. बशी घेऊन मी धावत बडगुजर सरांकडे गेलो. सरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हा माणूस आयसीयूत आहे? अरे, याला शेतात पाठव." मी हसलो. मला वाटलं, सर हरले म्हणून विनोद करतायत. मी रतिलाल डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमचा कापूस म्हणतो औषध बदला, तुमची शौच म्हणते नको. कुणाचं ऐकू?" मी म्हणालो, "शौचेचं." आणि कालपासून नानांचा ताप उतरायच्या ऐवजी चढत होता, लघवी कमी झाली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"जवाईबुवा, पान वाढं शे," मागून सासूबाईंचा आवाज आला. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही. हॉस्पिटलच्या मागे नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड आहे, तिथे तीन विटांवर अक्कांचं स्वयंपाकघर. मी म्हणणार होतो, भूक नाही. पण अक्कांना भूक नाही हे कळत नाही, विशेषतः या महिन्यात. अधिकमास लागलेला. धोंड्याच्या महिन्यात जावई दारी आला आणि तोंड गोड न करता गेला तर खानदेशात लोक काय म्हणतील? नवरा आत गुंगीत पडलाय, बाहेर ही बाई विटांवर पुरण शिजवतेय. ताटात चार धोंडे, पुरणाचे, वर तुपाची धार. मी पाटावर बसलो. पाट म्हणजे केळीचं खोकं उलटं घातलेलं. आणि मला एकदम लग्नापासूनचं सगळं आठवलं, सासरचं देणं मी कसं चुकवत आलो ते. लग्नात मी हुंडा घेतला नाही. अंगठी नाही, कापड नाही, स्कूटर तर दारात आणून उभी केलेली परत पाठवली. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. मागच्या अधिकमासात अक्कांनी चांदीचं ताट काढून ठेवलेलं, मी म्हटलं, "मला काही नको." पुढेही दर सणाला हेच. मला काही नको. नाना हसून घ्यायचे. अक्का मात्र ताट पदराने पुसून पुन्हा कपाटात ठेवायच्या, आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की मीच काहीतरी चोरून नेलंय. मला तो चेहरा बघून चीड यायची. तत्त्व म्हणजे तत्त्व, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?

पहिला घास घेतला आणि तो तोंडातच फिरायला लागला. माझ्यासमोर पंगतीला कोण कोण बसलंय ते मी बघत होतो आणि माझं डोकं नको त्या ठिकाणी जात होतं. डबी कुणाच्या हाताखालून गेली? नानांची नाही, तर या पंगतीतल्याच कुणाची तरी. माझा मेहुणा रुपचंद, केळीच्या गाड्या भरून देतो, तो बोटं चाटत होता. मी त्याच्याकडे टक लावून बघितलं. नाही. रुपचंद साधी शिंक आली तरी मेडिकलमधून लाल-पिवळ्या कॅप्सुली आणून शेंगदाण्यासारख्या खातो. याच्या आतड्यात इतकी सुखी वस्ती असणं शक्य नाही, ओसाड गाव असणार. "काय दाजी, काय बघताय? तोंडाला काही लागलंय का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही, जेव." त्याच्या शेजारी नानांचे धाकटे भाऊ, लोटन आबा. त्यांची तर मी पहिल्याच वर्षी हौसेने तपासणी केली होती, आणि त्यांच्याकडे अमीबांचं इतकं मोठं कुटुंब निघालं होतं की वर्गातल्या सगळ्यांना दाखवायला पुरलं. आबा बाद. हे काय चाललंय माझं, मी स्वतःला म्हटलं, लोक जेवतायत आणि तू त्यांच्या पोटात कंदील घेऊन फिरतोयस. हसू यायला लागलं. ते दाबलं तर घास नाकात गेला. आणि खोकता खोकता मला ती बशी पुन्हा दिसली. असं आतडं कुणाचं असेल? ज्याने आयुष्यात गोळी घेतली नाही. जो रोज कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी खातो, वर घरचं ताक पितो, पहाटे उठतो आणि कुणाला आपलं दुखणं सांगत नाही. पाठीवर थाप पडली, पाण्याचा गडू पुढे आला. "सावकाश खा ना, कोन पाठीमागे लागेल शे का?" अक्का म्हणत होत्या.

तेव्हा कुठे मला परवाची सकाळ नीट आठवली. एस.टी. सुटायची वेळ झाली होती. मी अक्कांना विचारलं, झाली का? त्या म्हणाल्या, नही. मी घड्याळ बघितलं. पुन्हा विचारलं, झाली का? त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबा जरासा," आणि गेल्या. मला वाटलं, आयसीयूत गेल्या. आयसीयू उजवीकडे आहे, त्या डावीकडे गेल्या होत्या. आल्या तेव्हा डबी कोऱ्या खणात गुंडाळलेली, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली, किंचित वाकून. मी भारावलो होतो. म्हटलं, बघा, एका अडाणी बाईला शास्त्राचा केवढा आदर. आता मात्र माझ्या हातातला धोंडा ताटात पडला. "अक्का," मी हळूच म्हटलं, "परवाची ती डबी..." अक्का म्हणाल्या, "हा. पोचनी ना धुयाले?" म्हटलं, "पोचली. पण नानांचीच होती ना?" त्यांनी तुपाची वाटी उचलली. "तुम्ही खा पहिले." मी म्हटलं, "अक्का." त्यांनी पदर सारखा केला, रुपचंदकडे पाठ केली आणि आवाज अगदी बारीक केला. "त्यासले व्हतच नव्हतं. तुमनी गाडी चुकी जाती. तोंड उतरी गयतं तुमनं." म्हटलं, "म्हणून?" "म्हनीसन काय? धोंड्याना महिना शे. इतला वरीस व्हयनात, जवाईबुवानी या घरमा कधी काही मांगं नही. पहिल्यांदा मांगं. आनि मी नही म्हनू?" मी ताटातला धोंडा उगाच एकीकडे सरकवला. त्यांना वाटलं मी रागावलो. समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आनि काय फरक पडस? एकच चुल्हावरनं खातस ना आम्ही दोन्ही."

आधी राग आला. असा आला की त्या तीन विटा उचलून फेकाव्यात. माझा प्रबंध, माझं मत, सरांशी भांडलेली तीन वर्षं, सगळं या बाईच्या पाहुणचारात गेलं! मग हसू आलं, आणि हसू अर्ध्यात असतानाच भीती वाटली. स्वॅब खरा होता. नानांच्या आतड्यात तो माजलेला जंतू एकटा राज्य करत होता, बहुतेक रक्तातही उतरला होता, आणि मी कालपासून डॉक्टरांचा हात धरून बसलो होतो, औषध बदलू नका म्हणून. मी अक्कांना तसंच सांगितलं. म्हटलं, "अक्का, त्या डबीवरून मी नानांचं नवं औषध थांबवलंय. तुमची तब्येत बघून त्यांना इंजेक्शन चालू आहे." अक्कांच्या हातातली वाटी खाली आली. तोंड पांढरं पडलं. आणि आजवर जिने माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता ती बाई भरल्या पंगतीत ओरडली, "मंग बठी काय ऱ्हायनात? पयत जा ना!" मी उष्ट्या हातानेच उठलो.

शेडपासून डॉक्टरांच्या केबिनपर्यंत पाच-पन्नास पावलं असतील. त्यात मी किती खोटं शिजवलं म्हणता! म्हणावं, थर्मासातला बर्फ वितळला, नमुना खराब झाला. जळगावच्या उन्हात कुणीही विश्वास ठेवील. म्हणावं, धुळ्याला चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. प्रयोगशाळेत होतं तसं, त्यात सासूबाईंचं नाव येत नाही, माझं हसं होत नाही. पण रतिलाल डॉक्टर मोठे चौकस. ते म्हणणार, बर्फ वितळला? मग दुसरी शौच येऊ द्या, तुमची खात्री होऊ द्या, मग बदलू. दुसरी शौच यायची, धुळ्याला जायची, उगवायची, तोवर नाना कुठे असतील? खरं सांगितलं तरच त्या डबीचा रिपोर्ट आत्ताच्या आत्ता फाटणार होता. दार लोटलं. आत औषध कंपनीचा टाय लावलेला माणूस बसला होता, शिवाय जामनेरचे कुणी पुढारी, पांढऱ्या टोपीतले, रक्तदाब मोजून घेत होते. माझ्या हाताला पुरण लागलेलं. "डॉक्टर, जरा बाहेर येता का?" ते म्हणाले, "बोला ना, घरचीच माणसं आहेत." मी म्हटलं, "ती शौच नानांची नव्हती." "मग कुणाची?" एक क्षण वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. "सासूबाईंची," मी म्हणालो. पुढाऱ्यांच्या दंडावरचा पट्टा फुस्स करून सैल पडला. टायवाला आपल्या बॅगेत तोंड घालून काहीतरी शोधायला लागला. डॉक्टरांनी मात्र मुळीच न हसता विचारलं, "आणि स्वॅब?" "तो मी स्वतः घेतलाय. तो नानांचाच." "नक्की?" "त्याबाबतीत चूक होणं अवघड आहे, डॉक्टर." तेव्हा त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण हात आधीच कागदावर चालत होता. "सिस्टर, जुनं इंजेक्शन बंद. अमिकासिन. आत्ता."

पुढचे दिवस मी धुळ्याला गेलो नाही. आयसीयूच्या दाराशी बसून राहिलो, आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून विचार करत राहिलो. भलते विचार यायचे. प्रबंधातल्या बाकीच्या डब्यांचे. धुळ्याच्या वॉर्डात एक झुंबरबाई होती, नवरा बेशुद्ध, तिने मी मागितल्याबरोबर डबी आणून दिली होती आणि म्हणाली होती, "ल्या साहेब, तुमनं काम व्हई जावो." इतक्या लवकर कशी आणली? आणि तो शिंदखेड्याचा म्हातारा, मुलाची डबी देताना लाजला का होता? आमच्या लोकांना कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही, आणि दारात उभा असलेला डॉक्टर तर जावयाच्या वरचढ. माझे आयसीयूतले किती रुग्ण मुळात बाहेर व्हरांड्यात भाकरी खात बसले होते, देव जाणे. कापूस आपल्या हाताने फिरवला की निदान तो कुणाच्या आत फिरला हे तरी कळतं. त्याच दिवशी संध्याकाळी एनिमाने नानांना मोकळं केलं, तेव्हा सिस्टरने मला मुद्दाम बोलावून विचारलं, "साहेब, हे पाहिजे का?" पाहिजे होतं. रुपचंदने ती डबी धुळ्याला पोचवली, आणि सरांचा फोन आला: स्वॅबवरचाच जंतू, तसाच, एकटा. "मी काय सांगत होतो?" सर म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही सांगत होतात, याला शेतात पाठव." सर म्हणाले, "मग कुणाचं होतं रे ते? मी अजून त्या बशीचा विचार करतोय." मी म्हटलं, भेटल्यावर सांगतो.

नानांचा ताप उतरला. एकदम नाही, नाखुशीने, पायरी पायरीने. एका सकाळी त्यांनी डोळे उघडून मला बघितलं आणि नळीच्या आडून पुटपुटले, "केळी कापली का?" रुपचंद रडायलाच लागला. मीही रडलो, लपवलं नाही. बाहेर आलो तर अक्का शेडमध्ये एकट्याच, भांडी घासत होत्या. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी सरळ बोललो नव्हतो. त्यांना वाटत होतं मी रागावलोय, मला वाटत होतं त्या लाजल्यात. मी सांगितलं, नाना बोलले. त्यांनी राखेचे हात तसेच जोडले, आकाशाकडे बघितलं, आणि पुन्हा घासायला लागल्या. मी वळलो. "जवाईबुवा," त्यांनी खालमानेनेच हाक मारली. "एक इचारू का? रागे भरू नका." म्हटलं, "विचारा." बराच वेळ त्या एकच वाटी घासत होत्या. "मन्हं कसं व्हतं?" आधी मला कळलंच नाही. मग कळलं. पोरं घरात जन्माला घातली, आयुष्यभर बाकीच्यांना दवाखान्यात आणलं आणि बाहेर विटांवर स्वयंपाक केला. या बाईची कुणी कधी नाडीसुद्धा धरली नव्हती. माझ्या हातून चुकून झाली ती हिची पहिली तपासणी. मी तिथेच खोक्यावर बसलो आणि सगळं सांगितलं, रंग, वस्ती, सर काय म्हणाले ते, सगळं. म्हटलं, "अक्का, खरं सांगतो, इतकं चांगलं मी आजवर कुणाचंच पाहिलं नाही." अक्कांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, हसत होत्या की काय ते दिसेना. मग डोळे पुसून, आयसीयूच्या दाराकडे एकदा बघून घेऊन, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यासले मातर सांगू नका हं. वाईट वाटी त्यासले."